नवले पुलाच्या उतारावर माझा हॉर्न कुणालाच ऐकू गेला नाही. बाइकला दमदार हॉर्न बसवायचा आहे, सल्ला द्या

नऱ्हेकर | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी नऱ्ह्यात राहतो, नोकरी शिरवळला. रोज जाऊन-येऊन साधारण ऐंशी किलोमीटर बाइक होते, जवळजवळ सगळी हायवेवरच.

गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलो. पुढचा उतार तुम्हाला माहीत आहेच, नवले पुलापर्यंत गाडी नुसती पळत सुटते. मी डाव्या लेनमध्ये, उजवीकडे एक लांबलचक कंटेनर. बघता बघता त्याचं चाक पांढऱ्या पट्टीवर आलं आणि मग पट्टीच्या आत. मी हॉर्न दाबला, दाबूनच धरला. माझा मलाच जेमतेम ऐकू येत होता. चाकाचे नट मोजता येतील इतकं ते चाक जवळ आलं, तेव्हा ब्रेक मारून कडेच्या खडीवर उतरलो. मागचं चाक सरकलं, पण पडलो नाही. कंटेनर तसाच पुढे गेला. त्याला मी तिथे होतो हेच कळलं नसणार. दहा मिनिटं कडेला उभा राहिलो, हात थरथरत होते. घरी अजून सांगितलेलं नाही.

गाडी १२५ सीसी, सहा वर्षं जुनी, कंपनीकडून आलेला एकच चपटा हॉर्न. मला शहरात कुणाच्या कानाशी बोंबलायचं नाही. पण हायवेवर दाबला तर समोरच्याला कळला पाहिजे. कुठला घ्यावा, कुठून घ्यावा, बॅटरीला झेपेल का, पोलीस पकडतील का, सगळंच सांगा.

---

पेठेतला_पंप्या | रात्री १०.३१

पडला नाहीस हेच खूप. उद्या नाना पेठेत जा, क्वार्टर गेटकडून आत शिरलास की स्पेअर पार्टची दुकानंच दुकानं. कारला असतात तशी विंडटोनची जोडी माग, गोगलगायीसारखी गोल वळलेली असते ती. बॉश, रूट्स, मिंडा, हेला, यातलं काहीही घे, फक्त बिल घे. नकली माल भरपूर आहे. मी माझ्या गाडीला तीन वर्षांपूर्वी बसवली, अजून तसाच आवाज आहे.

---

तारजोड_काका | रात्री ११.०५

थांब बाबा, लगेच पैसे घालवू नकोस.

मी तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, नंतर आयटीआयमध्ये पोरांना शिकवलं. "हॉर्नचा आवाज बसला" म्हणून आलेल्या दहा गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांमध्ये हॉर्न धडधाकट असायचा. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नसे. सहा वर्षं पुण्याचा पाऊस खाल्लेली गाडी म्हणजे कपलरमध्ये (तारा जोडणाऱ्या प्लगमध्ये) हिरवी बुरशी, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज आणि स्विचच्या पॉइंटवर कार्बन. प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट गळतात.

हॉर्नच्या आत काय असतं ते आधी समजून घे. एक तारेची कॉइल, तिच्यासमोर पोलादाचा पातळ पडदा. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते. पडदा ओढला गेला की आतला पॉइंट सुटतो, करंट तुटतो, पडदा परत मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा. व्होल्टेज कमी पडलं की पडदा पूर्ण ओढलाच जात नाही. मग "पँ" ऐवजी "पिर्र" असा रडका आवाज येतो. तू सांगतोयस तो मला तसाच वाटतो.

मल्टिमीटर आहे का? नसला तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून माग. इंजिन चालू ठेव, हॉर्न दाबून धरायला कुणाला तरी सांग आणि हॉर्नच्या दोन टोकांवर मीटर लाव. हॉर्न वाजत असतानाच मोजायचं, नुसतं मोजलंस तर मीटर बारा दाखवेल आणि तू फसशील. वाजताना १२ च्या आसपास असेल तर हॉर्नचं आयुष्य संपलं. ११ च्या खाली असेल तर दोष तारेत आहे.

---

खिडकीतली_जाई | रविवार, सकाळी ७.४८

मला बाइकमधलं काही कळत नाही. आम्ही नळ स्टॉपजवळ दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली सिग्नल. लाल दिव्यावर आकडे उलटे मोजले जातात ना, तो तीनवर आला की हॉर्न सुरू होतात. पुढे उभ्या असलेल्या माणसाला हिरवा दिवा मिळालेलाच नसतो, तो जाणार कुठे? माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. दुपारी झोपला की त्याची मूठ उघडी असते आणि प्रत्येक वेळी त्या कारच्या हॉर्नवाल्या बाइकने आवाज दिला की ती मूठ घट्ट मिटते. तो उठत नाही, पण मूठ मिटते. मी तिथेच बसून ते बघत असते.

नऱ्हेकर, तुमच्यावर आलेला प्रसंग वाचून खरंच भीती वाटली. तुम्ही हॉर्न जरूर घ्या. पण तीच गाडी घेऊन तुम्ही कधीतरी कर्वे रोडवरून जाल, तेव्हा ही मूठ आठवा, एवढंच सांगायचं आहे.

---

घाटवाट | सकाळी ९.२०

ताई, तुमचं पटतं, पण हायवेवर रोज जाणाऱ्याला हॉर्न हवाच. आम्ही दर पावसाळ्यात ताम्हिणीला जातो. धुक्यात वळणाच्या पलीकडचं काही दिसत नाही, तिथे हॉर्न दिल्याशिवाय वळायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर. घाटात "हॉर्न वाजवा" अशा पाट्या आहेत त्या उगाच नाहीत.

---

खिडकीतली_जाई | सकाळी ९.४१

घाटातल्या हॉर्नबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सिग्नलला उभं राहून वाजवलेल्या हॉर्नबद्दल आहे.

---

चाकावर_घर | रविवार, दुपारी १.१५

मी त्या कंटेनरच्या जागी बसणारा माणूस. १४ वर्षं ट्रेलर चालवतोय, कोल्हापूर-मुंबई लाईनला. भाऊ, तुझी चूक काढत नाही, पण केबिनमधून काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते सांगतो.

त्या उतारावर शहाणा ड्रायव्हर गाडी गिअरमध्ये धरून आणतो, इंजिन नुसतं ओरडत असतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे पण आहेत, त्यांच्यापासून देवच वाचवो, ब्रेक तापून लागेनासे होतात. आमच्या काचा बंद, पंखा चालू. तुझा कारचा हॉर्न असला तरी माझ्या डाव्या दरवाज्याच्या खाली तू असलास तर तो कुठून येतोय ते मला कळत नाही. आवाज येतो, पण दिशा लागत नाही. मग मी आधी उजवा आरसा बघतो, कारण ओव्हरटेक करणारे तिकडून येतात. तेवढ्यात तू चाकाखाली.

डाव्या बाजूला दरवाज्यापासून मागे दोन-तीन चाकांपर्यंत आम्हाला मोटारसायकल दिसतच नाही. म्हणून सांगतो, माझ्या आरशात तुला माझं तोंड दिसत नसेल तर मलाही तू दिसत नाहीस. तिथे रेंगाळू नको. एक तर पूर्ण मागे राहा, नाही तर झटकन पुढे निघून जा. आणि हॉर्नच्या आधी डिपर मार. रात्री आरशात उजेड पडला की नजर आपोआप त्याच आरशाकडे जाते, तिथे दिशा चुकत नाही.

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तू दाबणार, मी ऐकणार, शोधणार, मग स्टिअरिंग वळवणार. हॉर्न चांगला लाव, पण त्याच्या भरवशावर माझ्या बगलेत येऊन थांबू नको रे.

---

नऱ्हेकर | रविवार, दुपारी २.०२

दादा, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. मी बरोबर तिथेच होतो, दरवाज्याच्या थोडा मागे, आणि बराच वेळ होतो. मनापासून आभार.

---

नियमाप्रमाणे | दुपारी ४.३०

पोलिसांबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम हॉर्नचा आहे. एकामागून एक सूर बदलत जाणारा हॉर्न चालत नाही, तसंच कर्कश, किंचाळणारा, दचकवणारा आवाज काढणारं कुठलंही यंत्र चालत नाही. म्हणजे म्युझिकल हॉर्न, सायरन, प्रेशर हॉर्न, कुत्र्याच्या भुंकण्याचे हॉर्न, सगळे बाद. दोन सूर एकाच वेळी वाजवणारी जोडी यात अडकत नाही, कारखान्यातूनच कित्येक कारना ती बसवून येते. आवाजाला वरची मर्यादा आहे ११२ डेसिबल, गाडीपासून ७ मीटरवर मोजून. म्हणून खोक्यावर मानक छापलेलं आहे ना ते बघा. "१५० डेसिबल", "३०० डेसिबल" असं छापलेलं खोकं दिसलं तर हातही लावू नका. एक तर तो आकडा खोटा असतो, आणि खरा असता तर माणसाचा कान फाटला असता.

वाजवण्याचे नियम वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १९४ एफ हे कलम आलं. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा हॉर्नला मनाई असलेल्या जागी वाजवला, तर पहिल्या वेळी १,००० रुपये, पुढच्या वेळी २,००० रुपये दंड. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे इस्पितळ, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं. तिथे हॉर्न नाही. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ सुद्धा नाही, आणीबाणीची वेळ सोडून. रहिवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. आता या आकड्यांशेजारी हॉर्नचे ११२ ठेवून बघा, म्हणजे ताईंच्या खिडकीत काय होतं ते लक्षात येईल.

---

पेठेतला_पंप्या | सायंकाळी ५.१०

एकाऐवजी दोन हॉर्न लावले की आवाज दुप्पट होतो, बरोबर ना?

---

सूर_सकाळचा | सायंकाळी ६.००

नाही. मी गाणं शिकवते, आणि घरात एक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांना विचारून लिहिते आहे. सारखेच दोन हॉर्न एकत्र वाजले तर मीटरवर फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. आणि उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात.

मग जोडी भरदार का वाटते? खोक्यावर बघा, एकावर ४०० किंवा ४२० हर्ट्झ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ५००. ४०० ला षड्ज धरला तर ५०० हा बरोबर शुद्ध गंधार, चारास पाच. ४२० असेल तर ५०० कोमल गंधाराच्या अगदी जवळ येतो. दोन सूर मिळून वाजतात म्हणून त्याला अंग येतं आणि गर्दीतल्या इतर आवाजांत तो वेगळा ओळखू येतो. एकच पातळ, किनरा आवाज कितीही जोरात असला तरी टोचतो फक्त.

माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. वय झालं की आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं जातं. बाजीराव रोड ओलांडताना किनरा हॉर्न वाजला तर त्यांना पत्ताही लागत नाही, जाड आवाजाच्या हॉर्नला मात्र ते थांबतात. त्यामुळे निवडताना जोराइतकाच सूरही ऐकून बघा, दुकानदार बॅटरीला लावून दाखवतो.

२०२१ मध्ये नितीन गडकरी म्हणाले होते की हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन असे भारतीय वाद्यांचे आवाज असावेत. मला त्याची धास्तीच वाटते. सिग्नलला शंभर बासऱ्या एकदम वाजल्या तर बासरी नकोशी होईल. हॉर्नचा आवाज हॉर्नसारखाच राहू द्या.

---

नऱ्हेकर | सोमवार, रात्री ९.२५

काका, मोजलं. बॅटरीवर इंजिन चालू असताना १३.८. हॉर्न वाजताना हॉर्नच्या टोकांवर ९.६!

मग तुम्ही सांगितलंत तसं एकेक ठिकाण उघडलं. कपलरमध्ये खरंच हिरवा थर होता, नखाने खरवडला तर भुकटी पडली. अर्थिंगचा बोल्ट सोडवताना तुटेल की काय असं वाटलं. आणि हँडलवरचा स्विच उघडला तर आतली पितळी पट्टी एका टोकाला काळीकुट्ट. पॉलिश पेपरने घासली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बोल्टखालचा रंग खरवडून घट्ट केला. परत मोजलं तर ११.७, आणि तोच जुना हॉर्न! बायको गॅलरीत येऊन विचारते, "नवीन बसवलास का?" तेव्हा तिला गुरुवारचं सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, खाली येऊन टॉर्च धरून उभी राहिली.

तरी हायवेसाठी जोडी घ्यावी असं वाटतंच. आता ती नीट कशी बसवायची ते सांगाल का?

---

तारजोड_काका | सोमवार, रात्री १०.४०

शाबास. आता घे, आता त्या जोडीचा उपयोग होईल.

तुझा जुना चपटा हॉर्न तीन-एक अँपिअर खातो. विंडटोन एकेक पाच-सहा खातो, म्हणजे जोडीला दहा-बारा. तुझ्या त्या काळ्या पडलेल्या पितळी पट्टीतून दहा अँपिअर घालवलेस तर महिन्यात जळेल. कारखान्याच्या बारीक तारेचंही तेच. बरं, त्याच फ्यूजवर इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा असतो बऱ्याच गाड्यांत. हॉर्न दाबल्यावर फ्यूज उडाला आणि मागच्याला ब्रेकचा दिवाच दिसला नाही, असं नको व्हायला. म्हणून रिले लागतोच, म्हणजे बटणाच्या थोड्याशा करंटवर चालणारा दुसरा स्विच, तो हॉर्नला बॅटरीवरून थेट करंट देतो. "रिलेशिवाय चालतंय की" म्हणणारा फिटर भेटला तर दुसऱ्या दुकानात जा.

चार पायांचा १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घे. पायांवर आकडे कोरलेले असतात. जुन्या हॉर्नवरून निघालेल्या दोन तारा ८५ आणि ८६ ला. काही गाड्यांत स्विच प्लस देतो, काहींत अर्थ देतो, पण दोन्ही तारा अशा लावल्या की दोन्ही प्रकार चालतात. फक्त रिलेवर डायोडची खूण असेल तर प्लस-मायनस बघून लाव. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून थेट तार, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यात १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असला पाहिजे. वाटेत तार कुठे घासून चेसिसला टेकली तर फ्यूजच्या पुढचा भाग वाचतो, मागचा पेटतो, म्हणून मागचा भाग आखूड ठेवायचा. ८७ वरून दोन्ही हॉर्नच्या प्लसला. हॉर्नची अर्थिंगची तार चेसिसला न देता बॅटरीच्या मायनसला आण, पुन्हा गंजाची भानगड नको.

मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापू नको, कपलरमध्ये बसतील अशा पिना लाव. उद्या काढायचं झालं तर गाडी होती तशी झाली पाहिजे. जोड नुसते पिळून टेप मारू नको, लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची पिन) दाबून घे आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढव. रिले सीटखाली, पिना खालच्या बाजूला. हॉर्नचं तोंड जमिनीकडे तिरकं, म्हणजे पाणी साठत नाही. आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ, फोर्क दाबून बघ. हॉर्न मडगार्डला किंवा तारांना लागता कामा नये. अंगाला काही टेकलं तरी त्याचा सूर बिघडतो.

---

कोथरूड_हॅचबॅक | मंगळवार, सकाळी ८.५०

काका, माझ्या कारला एकच हॉर्न आहे, दुसऱ्याची जागा रिकामी दिसते. तिथेही हेच करायचं?

---

तारजोड_काका | सकाळी ९.१५

कारला बहुधा रिले आधीपासून असतो. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर हॉर्नचा फ्यूज किती अँपिअरचा ते वाच. जोडी त्यात बसत असेल तर फार काही करावं लागत नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः हात लावू नका, सर्व्हिस सेंटरलाच विचारा. आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगजवळ स्टिअरिंग उघडायला जाऊ नका, हे लक्षात ठेवा.

---

नऱ्हेकर | रविवार, रात्री ८.१५

झालं. नाना पेठेतून जोडी घेतली, दुकानदाराने चार वेगवेगळ्या वाजवून दाखवल्या. ४०० आणि ५०० वाली घेतली, गंधार ऐकू आला असं म्हणायला हरकत नाही! रिले, तार, फ्यूज, लग सगळं धरून हजाराच्या आत. आज सकाळी आठ ते दुपारी एक एवढा वेळ लागला. वाजताना हॉर्नच्या टोकांवर १३.१ व्होल्ट.

आणखी एक केलं. जुना हॉर्न काढला नाही. हँडलवर एक छोटा टॉगल स्विच लावला, त्याने रिले बंद होतो आणि तेच बटण दाबल्यावर फक्त जुना हॉर्न वाजतो. नऱ्ह्यातून शहरात यायला निघालो की टॉगल खाली, हायवेला लागलो की वर. जाई ताई, हे तुमची पोस्ट वाचून सुचलं.

परवा कामावरून येताना बोगद्याच्या पुढे पुन्हा एक ट्रेलर शेजारी आला. मी त्याच्या आरशात बघितलं, ड्रायव्हरचा चेहरा दिसत नव्हता. वेग कमी केला, मागे गेलो, डिपर दिला. त्याने आरशात बघून हात बाहेर काढला आणि पुढे जा म्हणून खूण केली. हॉर्न दाबलाच नाही.

---

चाकावर_घर | रात्री ८.५५

बरं वाटलं वाचून. असंच चालव.

---

खिडकीतली_जाई | रात्री ९.३०

टॉगलचा फोटो टाकाल का? खाली पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीतल्या दोन मुलांनी कारचे हॉर्न बसवले आहेत. त्यांना नुसतं "वाजवू नका" म्हणण्यापेक्षा हे दाखवते.

---

तारजोड_काका | रात्री १०.०५

टॉगलवर रबरी टोपी चढवली आहेस का? नसेल तर चढव, पावसात पहिला तोच जाईल. आणि पहिले दोन-तीन पाऊस झाले की कपलर एकदा उघडून बघ.

---

नऱ्हेकर | रात्री १०.१८

टोपी नाही चढवली. उद्या आणतो काका. ताई, फोटो सकाळी उजेडात काढून टाकतो.